सत्त्याऐंशीवं मिनिट

७ मे २०१२, सोमवार. रात्री १०.००.
कल्याणजवळचं मोहने. आम्ही चौघे टीव्हीपुढे, उकाड्यामुळे दार सताड उघडं. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध विगन सामन्याला अजून अडीच तास. ब्लॅकबर्नचे ३६ सामन्यांत ३१ गुण. हरले तर रेलिगेशन, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण. बरोबरी झाली तरी रेलिगेशन.

१०.४०.
मॅनेजरवरून वाद सुरू. "कीनला डिसेंबरातच काढायला हवं होतं." "अरे, पण त्याला बसवला कोणी?"

बसवला पुण्यानं. १९ नोव्हेंबर २०१० रोजी पुण्याच्या वेंकीज कंपनीनं हा १८७५ सालचा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ बालाजी राव व वेंकटेश राव हे मालक. कोंबडीच्या धंद्यात या घराण्याचा हात धरणारं देशात कोणी नव्हतं. फुटबॉल मात्र नवा होता. चोविसाव्या दिवशी, संघ तेराव्या क्रमांकावर असताना, मॅनेजर सॅम अॅलर्डाइसना काढलं. जागा मिळाली त्यांच्याच हाताखालच्या प्रशिक्षकाला. स्टीव्ह कीन यांनी त्याआधी मॅनेजर म्हणून एकही क्लब सांभाळला नव्हता. माझ्या मते क्लब सामना तिथेच हरला होता.

११.१५.
इशारे कमी नव्हते. पहिल्या मोसमात शेवटच्या दिवशी वुल्व्हजना ३-२ हरवून संघ कसाबसा वाचला. मग फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला. २० डिसेंबर २०११ला घरच्या मैदानावर बोल्टनकडून हार झाली आणि संघ तळाला गेला. प्रेक्षक कीनच्या नावानं ओरडत राहिले. अकरा दिवसांनी याच संघानं ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ३-२ हरवलं. मी त्या रात्री वाद जिंकल्यासारखा झोपलो. फेब्रुवारीत कर्णधार ख्रिस साम्बाही गेला.

११.५०.
एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. क्लबचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी डिसेंबरातच अनुराधा देसाईंना पत्र लिहिलं होतं. कीनना काढा, रेलिगेशन जवळ आलंय, असं त्यात स्पष्ट होतं. त्याला साडेचार महिने होत आले होते.

१२.३०. तारीख ८ मे.
शिट्टी वाजली. ब्लॅकबर्नच्या युवड पार्क मैदानावर रात्रीचे आठ.

सामना रंगायच्या आत मैदानात एक कोंबडी शिरली. जिवंत. अंगाला क्लबचा झेंडा गुंडाळलेला. तिला पकडून बाहेर नेईपर्यंत खेळ थांबला. आमच्यातलं कोणी हसलं नाही. पुण्याला निरोप पोचवायचा दुसरा मार्ग तिथल्या माणसांपाशी उरला नव्हता.

१.१५ च्या सुमारास.
मध्यंतर, ०-०. शेजारचे काका आवाज ऐकून दारात आले. इथल्या कंपनीतून सुटलेले; २००९ला ती बंद पडल्यापासून त्यांना रात्री नीट झोप नाही. उंबऱ्यावर टेकून त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"क्लब आपल्या पुण्याचा ना? मग मालक आलेत का बघायला?"

कोणी उत्तर दिलं नाही. काका बसून राहिले.

१.५०.
अजून ०-०. एक गोल पुरेसा होता. २० मार्चला संडरलंडला हरवलं, तेव्हा संघ तळच्या तिघांबाहेर होता. पुढचे पाचही सामने हरला. बोल्टन, युनायटेड, वेस्ट ब्रॉम, लिव्हरपूल, स्वान्सी. पाच हारांनंतरही मॅनेजर तोच.

२.०५.
टीव्हीचा आवाज कमी केला. घरात माणसं झोपली होती.

२.१४ च्या सुमारास. ८७वं मिनिट.
विगनला कॉर्नर. चेंडू गोलसमोर आला. पॅराग्वेचा बचावपटू अँटोलिन अल्काराझ उडाला आणि त्यानं डोक्यानं तो आत घातला. ०-१.

काकांनी विचारलं, "किती वेळ राहिलाय?"
"तीन मिनिटं. वर थोडी."

२.२० च्या सुमारास.
शेवटची शिट्टी. १९९५चा प्रीमियर लीग विजेता क्लब सलग ११ मोसमांनंतर खालच्या श्रेणीत. काका उठले, चपला शोधल्या, काही न बोलता गेले.

पुढचे काही दिवस.
हंट यांचं पत्र बाहेर आलं. हंट यांना कामावरून काढलं. कीन सप्टेंबरअखेरपर्यंत मॅनेजर होते.