थंडीतलं रात्रीचं जेवण: बाजरीची भाकरी, वरणफळं, भोगीची भाजी लहान मुलांना कशी द्यायची?

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. कसबा पेठेसारख्या जुन्या भागातल्या स्वयंपाकघरात मग बाजरीचं पीठ, तीळ, गूळ आणि हुलगे दिसू लागतात. मोठी माणसं आवडीने जेवतात. दोन-चार वर्षांचं पोर मात्र 'तिखट आहे', 'चावत नाही' म्हणत ताट सरकवतं आणि शेवटी नूडल्सचं पाकीट फोडावं लागतं.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. घरातलंच जेवण थोडं बदललं तरी काम होतं.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये ॲनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. शरीराला पुरेसं लोह न मिळणं हे यामागचं एक मोठं कारण असतं.

१०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं. हुलगे आणि तीळ याबाबतीत बाजरीच्याही पुढे आहेत. म्हणजे थंडीत आजी जे करते, त्यात लोह भरपूर आहे.

अडचण अशी की धान्य-कडधान्यातलं लोह शरीर सहज शोषून घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं तर ते जास्त शोषलं जातं. म्हणून ताटात लिंबाची फोड हवी. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको. त्यामुळे लोहाचं शोषण घटतं.

बाजरीची भाकरी मुलांना चावत नाही, मग?

बाजरीत ग्लुटेन नसतं. त्यामुळे भाकरी गार झाली की कडक होते. मुलांसाठी गरम पाण्यात पीठ मळून पातळ भाकरी थापा. तव्यावरून उतरली की लगेच कुस्करा. वर तूप आणि गरम वरण घालून १० मिनिटं झाकून ठेवा. हुलग्याचं पातळ पिठलं असेल तर तेही चालतं.

बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्याने ते लवकर कडवट होतं. मुलं भाकरी नाकारतात त्यामागे कधी कधी हेच कारण असतं. गिरणीतून आठवडाभर पुरेल इतकंच दळून आणा.

एकाच पातेल्यात जेवण: वरणफळं

कुणी यांना चकोल्या म्हणतं. चार जणांसाठी १ वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवा आणि घोटून घ्या. फोडणीत घालून गूळ, आमसूल, मीठ आणि भरपूर पाणी टाका. वरण पातळच हवं.

दीड वाटी कणकेत ओवा, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळा. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि उकळत्या वरणात थोडे थोडे सोडा. सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. १०-१२ मिनिटांत फळं शिजतात.

मुलांसाठी तुकडे छोटे कापा. किसलेलं गाजर किंवा बारीक चिरलेली मेथी वरणातच शिजू द्या. त्यांची वाटी बाजूला काढली की मगच तिखट आणि गोडा मसाला घाला.

पोट बरं नसेल तर?

गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप. मेतकुटात भाजलेल्या डाळी असल्याने नुसत्या भाताला प्रथिनांची जोड मिळते. मुगाच्या डाळीची आसट खिचडीही उत्तम.

भोगीची भाजी देताना काय पाहायचं?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. मंडईत त्या आठवड्यात सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगी आणि बोरं एकत्र मिळतात. भाजीत तिळाचं कूट पडतं आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते.

लहान मुलांच्या वाटीतली बोरं काढून टाका, बी घशात अडकू शकते. सोलाणे-पावटे बोटाने चिरडून द्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, कूट चालतं.

तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवावं का?

कसबा पेठेतली तांबट आळी तांब्याच्या भांड्यांसाठी आणि त्यांवरच्या मठारकामासाठी ओळखली जाते. अशी भांडी आता पुन्हा स्वयंपाकघरात येत आहेत. पण आमसूल, चिंच, ताक असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात शिजवू नका. आंबटामुळे तांबं अन्नात उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा थर. तो उडून आतलं तांबं दिसू लागलं की पुन्हा कल्हई करून घ्या.

हे लक्षात ठेवा

- एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, खोकल्यावरही नाही. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.
- बाळाच्या पहिल्या वर्षात जेवणात वेगळं मीठ, साखर किंवा गूळ घालू नका.
- मूल सतत मलूल, फिकट वाटत असेल तर फक्त बाजरीवर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा.