नेमून दिलेलं मीठ

मार्च 1789. फ्रान्सच्या मेन प्रांताची पश्चिम कड. तुम्ही रोजंदारीवरचे मजूर आहात. पायात लाकडी बूट, त्यात कोंबलेलं गवत. गेल्या साली पीक बुडालं, त्यामुळे मजुरीतला निम्म्याहून अधिक पैसा पावावर जातो.

उरलेल्यातून मीठ घ्यायचं, आणि नको म्हणायची सोय नाही. आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला साधारण साडेतीन किलो मीठ सरकारी कोठारातून उचलायलाच हवं. तेही फक्त स्वयंपाकाला आणि ताटाला. डुक्कर कापून त्याच मिठात मांस मुरवलंत, तर गुन्हा! त्यासाठी वेगळं मीठ, वेगळे पैसे. थोडं चालून गेलात की ब्रिटनी लागते, आणि तिथे मिठावर कर नाही. इथे मात्र त्याच मिठाचा भाव वीसपटीहून जास्त. म्हणून बायका घागऱ्याखाली मीठ बांधून आणतात. कुत्र्यांनाही शिकवलंय. त्यांना ब्रिटनीत नेऊन उपाशी ठेवायचं, अंगावर मिठाच्या पिशव्या बांधायच्या आणि रात्री सोडून द्यायचं. भुकेपोटी ती घराकडे धावत सुटतात. करमक्तेदारांचे शिपाई झाडाझडतीला कुठल्याही झोपडीत घुसतात, गढीत जायचं मात्र टाळतात. कित्येक मानाच्या मंडळींना तर मीठ सवलतीत मिळतं.

आज प्रार्थनेनंतर गावाची सभा आहे. राजाने व्हर्सायला देशातल्या तिन्ही वर्गांची सभा बोलावली आहे आणि त्यासाठी गावोगावची गाऱ्हाणी मागवली आहेत. पंचविशी उलटलेला आणि करवहीत नाव असलेला पुरुष बोलू शकतो. तुम्हीही आत शिरता, भिंतीला टेकून उभे राहता.

मिठाचा कर रद्द करा, यावर एकमुखाने होकार. जमीनदाराची कबुतरं पेरलेलं बी टिपतात आणि आपण त्यांना मारू शकत नाही, तेही लिहिलं जातं. तसंच ‘ताय’ नावाचा कर उमरावांना का नाही? पाद्रीबुवा मान डोलावतात. त्यांची कफनीही विरलेली आहे. गावचा दशांश दूरचा मठ नेतो, यांच्या हाती ठरीव तनखा. बिशप मात्र जवळपास सगळेच उमराव घराण्यांतले.

मग तुम्ही तोंड उघडता. मजुरी वाढवा. खंडाची शेतं एकाच्याच घशात घालू नका.

लेखणी थांबते. कारण पुढच्या बाकावर तोच घोडेवाला शेतकरी बसलाय, ज्याच्या शेतावर तुम्ही राबता. कागदोपत्री तोही ‘तिसऱ्या वर्गातला’, म्हणजे ना पाद्री ना उमराव; लिहिणारा नोटरीही, आणि तुम्हीही. देशातली दर शंभरांतली सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव माणसं या एकाच शब्दात कोंबलेली! मला तर हा शब्दच त्या समाजातली सगळ्यात मोठी लबाडी वाटते. नोटरी खाकरतो, “पुढचं गाऱ्हाणं?” आणि जमीनदाराच्याच गिरणीत दळण्याच्या सक्तीकडे वळतो.

सह्यांची वेळ येते. लिहिता येणारे पुढे होतात, बाकीच्यांची नोंद ‘सही करता येत नाही’ एवढीच. वरच्या सभेसाठी गावाचे प्रतिनिधी म्हणून तो घोडेवाला आणि नोटरी निवडले जातात; व्हर्सायचे प्रतिनिधी पुढे तिथून ठरतील. मे महिन्यात व्हर्सायला तिसऱ्या वर्गाचे सहाशेच्या आसपास प्रतिनिधी काळ्या पोशाखात चालतील. त्यांत वकील आणि सरकारी अधिकारी ढिगाने असतील, पण तुमच्यासारखा रोजंदारीवाला शोधूनही सापडणार नाही.