मिनामाताचा उपसागर

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता येथे १९०८ साली चिस्सो कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९३२ पासून तेथे ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले आणि पारामिश्रित सांडपाणी उपसागरात जाऊ लागले. सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत पारा साठत गेला. मासे मरून तरंगू लागले. ते खाणारी मांजरे झटके येऊन मेली. मग कोळी कुटुंबांत हातपाय थरथरू लागले, वाचा जाऊ लागली.

१ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाने या अज्ञात व्याधीची खबर आरोग्य केंद्राला दिली. तेथील प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ साली मांजराला ते सांडपाणी अन्नातून देऊन कारण पडताळले. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. सांडपाण्यातून पारा सोडणे थांबले ते थेट १९६८ साली!

उपसागरातील मासे निर्धोक असल्याचे १९९७ साली जाहीर झाले आणि दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेले जाळे निघाले. समुद्र सावरायला जवळजवळ तीस वर्षे लागली. परंतु मातेच्या उदरातच ज्यांच्यापर्यंत विष पोहोचले, माशाचा एक घासही न घेता जी बालके जन्मतः अपंग झाली, त्यांचे हिरावलेले आयुष्य कोणत्या भरतीने परत यावे?