राहत्या घराचा वारसा : एक प्रस्तावना

जुनी घरे कशी पडतात, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बिल्डर येतो, पाडकामाची नोटीस येते, धुरळा येतो. पण घराचा शेवट त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. छपरावरचे एक कौल सरकते, पन्हळ तुंबते आणि पावसाळाभर पाणी भिंतीच्या माथ्यावर मुरत राहते. नेमके तिथेच तुळईचे टोक भिंतीत बसवलेले असते. काही पावसाळ्यांत ते कुजते. मग वरचा मजला झुकतो, एक खोली वापरातून जाते, एकेक बिऱ्हाड फ्लॅटमध्ये राहायला जाते. पाडणारा येतो तो सगळ्यांच्या शेवटी.

वारसा जपणारे आपले बहुतेक कायदे मात्र या शेवटच्या माणसाला समोर धरून लिहिलेले आहेत. घरात बदल होऊ नये, झाला तर विचारून व्हावा, हा त्यांचा गाभा. त्यामागचा हेतू चांगला आहे आणि त्याने पुष्कळ काही वाचवले आहे. तरीही जुने राहते घर बदलामुळे जितके मोडते त्याहून अधिक ते दुरुस्ती न झाल्यामुळे मोडते. बदल रोखणारा नियम आणि दुरुस्ती मागणारे घर यांच्यामध्ये जी जागा उरते, ती या क्षेत्राची भूमी आहे. तिथे नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. तो कायद्याचा विद्यार्थी असेल, वास्तुकलेचा असेल, अर्थशास्त्राचा असेल. किंवा आजोबांच्या वाड्याची कागदपत्रे पिशवीत घेऊन महापालिकेत खेटे घालणारा घरमालकही असेल. त्याला तर इतरांहून बरेच काही आधीच ठाऊक आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. स्वतंत्र भारताने १९५८ साली प्राचीन स्मारकांचा कायदा केला. किमान शंभर वर्षे जुनी, राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली वास्तू ही त्याची कक्षा. किल्ले, लेणी, मंदिरे, मशिदी त्यात आल्या. ज्यात माणसे राहतात, स्वयंपाक करतात, भांडतात, भाडे देतात, अशी घरे साहजिकच बाहेर राहिली. ती प्रथम नियमात आली मुंबईत. एप्रिल १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ लागू झाला आणि शहराच्या पातळीवर वारसा-वास्तूंची श्रेणीवार यादी करून तिला संरक्षण देणारे मुंबई हे देशातले पहिले शहर ठरले. त्यामागे श्याम चैनानींसारख्या कार्यकर्त्यांची अनेक वर्षांची चिकाटी होती. उर्वरित महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली आली, तिच्यातही वारसा-वास्तूंच्या तरतुदी आहेत.

मुंबईची श्रेणीपद्धती नव्या वाचकाने नीट समजून घ्यावी, कारण पुढे अनेक शहरांनी तोच साचा उचलला. श्रेणी १ मधल्या वास्तूला अत्यावश्यक असल्याखेरीज आतून-बाहेरून हात लावायचा नाही. श्रेणी २ अ मध्ये आतले बदल आणि वापरातला बदल चालतो, बाहेरचे रूप मात्र तपासले जाते. २ ब मध्ये मूळ वास्तूशी मेळ राखून त्याच भूखंडावर वाढीव बांधकामालाही वाव आहे. श्रेणी ३ मध्ये परिसराला त्याचे रूप देणाऱ्या इमारती येतात आणि तिथे मोकळीक आणखी वाढते. ही मांडणी समंजस आहे. तिची नजर मात्र रस्त्यावरून आत येणारी आहे. श्रेणी ३ ची इमारत मौल्यवान ठरते ती गल्लीच्या चेहऱ्यामुळे. त्या चेहऱ्याच्या आत राहणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात. आईचे गुडघे गेले, तर अरुंद लाकडी जिन्याचे काय करायचे? सामाईक संडास मागच्या अंगणात आहे, तो आत कुठे घ्यायचा? या प्रश्नांना नियमाने मज्जाव केलेला नाही, पण उत्तरही दिलेले नाही. ते उत्तर वारसा समितीच्या बैठकीत प्रत्येक घरासाठी वेगळे तयार होते आणि फायलीत पडून राहते. अशा निर्णयांचा संग्रह होऊन त्यातून पुढच्या घरमालकाला आधार मिळावा, हे या क्षेत्रातले मोठे राहिलेले काम आहे.

पुण्यात मुद्दा आणखी टोकदार होतो. शनिवारवाडा हे केंद्र-संरक्षित स्मारक. २०१० च्या दुरुस्तीने १९५८ च्या कायद्यात कलमे २० अ आणि २० ब आली. त्यांनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे विनियमित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम नाही, पुनर्बांधणीही नाही. विनियमित क्षेत्रात दोन्हींसाठी परवानगी मागता येते. आता कसबा पेठ आणि शनिवार पेठ डोळ्यांसमोर आणा. दीडशे-दोनशे वर्षांची घरे, एकमेकांना खेटून, मधली भिंत दोघांच्या मालकीची. ही घरे स्वतः संरक्षित नाहीत. ती केवळ संरक्षित वास्तूच्या शेजारी आहेत, आणि शेजारधर्माचा सगळा भार त्यांच्यावर आहे.

दुरुस्तीला कायद्याने वाट ठेवली आहे. कलम २० क म्हणते की १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीचा मालक दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करू शकतो. परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार दुरुस्तीत पुनर्बांधणी येत नाही. मागची भिंत पावसात कोसळली. तीच भिंत, त्याच जागी, त्याच उंचीची पुन्हा उभारायची आहे. ही दुरुस्ती की पुनर्बांधणी? एका भिंतीपुरती ती दुरुस्ती म्हणावी, तर दोन भिंतींचे काय, आणि तिन्ही गेल्यावर काय? लाकडी सांगाड्याच्या घरात खांब शाबूत असेल तर भिंत पडूनही घर उभे राहते, हे ध्यानात घेतले तर उत्तर एक येते. विटांच्या भारवाही भिंतीचा हिशेब लावला तर दुसरे. कायद्याचा शब्द आणि बांधकामाची रीत एकत्र वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असे हे ठिकाण आहे.

याच पेठांबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाने सुरू केले. १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल गेले, आणि आज आपण पाहतो ते तट, दरवाजे, जोती आणि कारंजी. मराठेशाहीतला सुतार खांब कसा घडवी, तुळईखाली आधार कसा देई, कडीपाट कसा बसवी, हे त्या वाड्यात आता दिसत नाही. ते भोवतालच्या खासगी वाड्यांत दिसते, जे कोणत्याही संरक्षणाविना उभे आहेत आणि ज्यांना उभे राहणे अवघड झाले आहे. म. श्री. माटे यांनी १९५९ मध्ये मराठा वास्तुकलेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा पाहण्याजोगे पुष्कळ शिल्लक होते. दोनच वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे एका दिवसात गेले. जे वाचले त्यांच्या जागी पुढे एकेक करून सोसायट्या आल्या.

आता भिंतीकडे वळू. नियमांच्या अभ्यासकाने भिंत वाचायला शिकलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. पेठेतल्या वाड्याला खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधल्या जागेत विटा किंवा पांढरीच्या मातीचे काम, वरून चुन्याचा गिलावा. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते, पण चुना सच्छिद्र असल्याने ती उन्हाळ्यात निघूनही जाते. वर्षानुवर्षे हे चालते आणि भिंतीला काही होत नाही. मग कोणीतरी ‘एकदाच काय ते मजबूत करून टाकू’ म्हणून सिमेंटचा गिलावा करवून घेतो. सिमेंट टणक आणि जवळजवळ बंद. ओल बाहेर पडायची वाट शोधत आणखी वर चढते, बरोबर आणलेले क्षार विटांच्या तोंडाशी स्फटिकरूप धरतात, विटांचा पापुद्रा सुटून भुगा पडू लागतो. भिंतीत शिरलेले सागवान ओले राहते आणि त्याला कूज व वाळवी दोन्ही लागतात. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते. आत काय झाले ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

घराची उंची, दर्शनी भाग, चटईक्षेत्र या गोष्टी नियमात नेमक्या मोजता येतात. गिलावा बदलणे एरवी किरकोळ दुरुस्तीत जमा होते. म्हणजे ज्याने घराला सर्वांत जास्त इजा होते, तेच काम नजरेतून सर्वांत सहज निसटते. चुन्याचे काम महाग आणि सावकाशीचे आहे, हे खरे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा. गूळ, हिरडा, बेलफळ यांचा अर्क घालायची रीत होती. गिलावा केल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, तोवर त्याला ओलसर ठेवत सांभाळावे लागते. हे जाणणारा गवंडी मिळाला नाही, तर परवानगी हातात असूनही घरमालक सिमेंटच वापरणार. म्हणून गवंड्यांचे प्रशिक्षण हा विषय परिशिष्टात ढकलणारा वारसा-धोरणाचा कोणताही मसुदा मला अपुरा वाटतो.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ रकमाच इतक्या लहान की ती वाढ कौले शाकारायलाही पुरत नाही. त्याच कायद्याने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. यात भाडेकरूला दोषी धरणे अन्यायाचे होईल. भाडेनियंत्रणामुळेच गिरगाव-दादरमध्ये कामगार आणि कारकून कुटुंबे टिकली आणि त्या वस्त्यांचे जे सांस्कृतिक मोल आपण आज सांगतो ते त्यांनीच घडवले. मालकाला भरपाई म्हणून मुंबईच्या नियमाने हस्तांतरणीय विकास हक्काची, टीडीआरची, सोय केली. न वापरता आलेले चटईक्षेत्र दुसरीकडे विकता यावे, ही कल्पना कल्पक आहे. पण दाट जुन्या वस्तीत अनेक इमारतींनी आपले चटईक्षेत्र आधीच पुरते वापरलेले असते. तिथे विकायला काही उरतच नाही. टीडीआर न केलेल्या बांधकामाचा मोबदला देतो. करायच्या दुरुस्तीचा खर्च मागायला मालकाने कुठे जावे, हा प्रश्न तसाच राहतो.

ही अडचण आपल्यापुरती नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पर्यंत वारसा-यादीतल्या घरातल्या मंजूर फेरफारांवर मूल्यवर्धित कर शून्य होता आणि साध्या दुरुस्तीवर पूर्ण दराने कर होता. पुढे फेरफारांची सूट गेली, दुरुस्तीवरचा कर राहिला. याउलट नेदरलँड्समध्ये १९७३ पासून ‘मोन्युमेंटेनवाख्त’ ही संस्था काम करते. घरमालक वर्गणी भरतो, तिचे तपासनीस ठरावीक काळाने येऊन छपरावर चढतात, पन्हळी आणि लाकूड तपासतात, किरकोळ काम तिथेच करतात आणि पुढे काय करावे ते लिहून देतात. परवानगी देणे-नाकारणे हा त्यांच्या कामाचा भागच नाही. कोकण-गोव्याच्या पावसात अशी व्यवस्था किती मोलाची ठरेल! पणजीच्या फोंतेन्यासमध्ये रंगीत भिंतींचे फोटो हजारो लोक काढतात. त्या भिंती दर पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवाव्या लागतात, आणि तो खर्च घरमालक करतो.

या विषयात एकमत नाही आणि ते असल्याचा आव कोणी आणू नये. २०१२ मध्ये मुंबईच्या वारसा-यादीत मोठी भर प्रस्तावित झाली तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. त्यांना आपल्या परिसराचा अभिमान नव्हता असे मुळीच नाही. इमारती थकल्या होत्या, लिफ्ट नव्हती, रहिवासी वयस्क झाले होते आणि पुनर्विकास हाच एक मार्ग त्यांना दिसत होता. गिरगावच्या खोताच्या वाडीत मात्र काही घरमालकांनीच वाडी टिकावी म्हणून आवाज उठवला. एकेकाळी पासष्टच्या आसपास घरे असलेल्या त्या वाडीत आज निम्मीही उरलेली नाहीत. दोन्ही ठिकाणचे लोक आपल्या घरावर प्रेम करणारे आहेत. संवर्धनवाद्यांनी पहिल्यांना अडाणी आणि विकासकांनी दुसऱ्यांना भाबडे ठरवले, हे दोन्ही मला अमान्य आहे.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी? एक घर निवडावे. त्याचे मालमत्ता पत्रक, कराच्या पावत्या, जुना मंजूर नकाशा, भाडेपावत्या, वारसा-श्रेणीचे पत्र हे सगळे एका बाजूला ठेवावे, आणि दुसऱ्या बाजूला त्याच घराच्या एका भिंतीचा स्वतः मोजून काढलेला छेद. मग घरातल्या बायकांशी बोलावे, कारण कुठे गळते, कुठली खिडकी फुगते, कुठल्या कोपऱ्यात धान्य ठेवता येत नाही, हे त्यांना पक्के माहीत असते. एवढे झाले की मोठे काम हाती घ्यावे. शनिवारवाड्याभोवतीच्या १०० मीटरांतल्या प्रत्येक घराची नोंद करायची : कोणते १९९२ पूर्वीचे आहे आणि त्याचा पुरावा काय, सांगाडा लाकडी की भारवाही भिंतींचा, किती बिऱ्हाडे, मालक किती, कोणती दुरुस्ती तातडीची. वास्तुकला आणि कायदा शिकवणारी शहरातली दोन-तीन महाविद्यालये एकत्र आली तर हे काम एका शैक्षणिक वर्षात होईल. त्यातून तयार झालेली यादी घरमालकांना आधी द्यावी, कार्यालयांना नंतर.