ताहो : सोयाबीनचे दही, उसाचे फाणित आणि चहा

फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे सकाळच्या प्रहरी गल्लोगल्ली 'ताहोऽ' अशी दीर्घ आरोळी ऐकू येते. विक्रेत्याच्या खांद्यावर आपल्याकडील कावडीसारखी आडवी दांडी असते व तिच्या दोन टोकांना दोन डबे टांगलेले असतात. मोठ्या डब्यात सोयाबीनच्या दुधाचे ऊन, थरथरणारे, मऊ दही. लहान डब्यात उसाच्या तांबूस साखरेचा पाक आणि साबुदाण्याचे टपोरे मणी. पसरट पळीने दह्याचा पातळ पापुद्रा कापून तो पेल्यात घालावयाचा, वर पाक व मणी सोडावयाचे, की ताहो तयार झाला. अलीकडच्या काळात या पाकात चहा व दूध मिसळण्याचा नवा प्रकार रूढ होऊ लागला आहे. रस्त्यावरील एका स्वस्त न्याहारीविषयी बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की या पेल्यातील दही, साखर आणि चहा या तीनही पदार्थांच्या इतिहासात भिक्खुसंघाचा वाटा आहे. आणि अन्नाची प्रतिष्ठा ते देणाऱ्याच्या जन्मावरून ठरवावी काय, हा आपल्या समाजाला भोवलेला प्रश्नही त्याच इतिहासात उभा आहे.

सोयाबीनचे दही

सोयाबीनच्या दुधाला विरजून घट्ट करण्याची कला चीनमधील. हान राजकुळातील लिऊ आन या राजपुत्राने इ. स. पू. दुसऱ्या शतकात ती शोधली, अशी आख्यायिका चीनमध्ये प्रसिद्ध आहे. परंतु तिला समकालीन लेखाचा आधार नाही. तोफूचा पहिला नि:संदिग्ध उल्लेख दहाव्या शतकातील ताओ गू याच्या ग्रंथात सापडतो. एका काटकसरी अधिकाऱ्याने लोकांना मांसाऐवजी तोफू खाण्यास सांगितले आणि लोक त्याला 'लहान मेंढी' म्हणू लागले, अशी ती हकीकत आहे. गरिबाचे मांस म्हणून हा पदार्थ इतिहासात प्रथम अवतरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चिनी विहारांच्या पाकशाळेत तोफूला जे स्थान मिळाले, त्यामागे संघाच्या आहारात झालेले एक मोठे परिवर्तन आहे. पालि विनयानुसार भिक्खूला मांस सर्वथा वर्ज्य नव्हते. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे तिहेरी शुद्ध मांस ग्राह्य होते. मत्स्यमांस कायमचे वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी भगवान बुद्धांनी अमान्य केली, हे चुल्लवग्गात नमूद आहे. चीनमध्ये मात्र महायान सूत्रांच्या प्रभावाने व विशेषत: लिआंग राजकुळातील सम्राट वू (राज्यकाल इ. स. ५०२ ते ५४९) याच्या आग्रहाने संघ पूर्णत: शाकाहारी झाला. अशा संघाला पौष्टिक, स्वस्त व साठवणीच्या धान्यापासून होणारे अन्न हवे होते. ती गरज पुढे तोफूने भागविली. जपानमध्ये त्याचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ११८३ चा, नारा येथील कासुगा देवस्थानातील नैवेद्याच्या नोंदीत आहे; आणि तेथेही त्याचा प्रसार झेन विहारांच्या पाकशाळांतून झाला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चिनी संघाच्या शाकाहाराचे अधिष्ठान करुणा हे होते; त्यातून जन्मसिद्ध उच्चनीचतेची उतरंड चीनमध्ये निर्माण झाली नाही. भारतात गोमांसभक्षणाचा संबंध अस्पृश्यतेच्या उगमाशी कसा जोडला गेला, याची मीमांसा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात केली आहे. मात्र बौद्ध देशांत हा दोष कोठेच शिरला नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जपानमध्ये खाटीककाम व चामड्याचे काम करणारांना पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत ठेवले गेले आणि त्या बहिष्काराला हत्येविषयीच्या धार्मिक कल्पनांचाही आधार मिळाला. करुणेचा नियम माणसाच्या जन्मावर लादला, की त्याचे काय होते याचे हे उदाहरण आहे.

फाणित आणि गोरस

ताहोचा दुसरा घटक म्हणजे पाक. तगालोग भाषेत त्याला 'आर्निबाल' म्हणतात. हा शब्द स्पॅनिश 'आल्मीबार'वरून आला. शब्द स्पॅनिश असला तरी उसाचा रस आटवून गोड पदार्थ करण्याच्या विद्येचे एक प्राचीन केंद्र भारत होते. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात तूप, लोणी, तेल, मध व फाणित ही पाच औषधे भिक्खूंना विहित केलेली आहेत. उसापासून निघालेले ते फाणित, अशी विनयाची व्याख्या आहे. आपल्याकडील काकवी ही त्याच्या सर्वांत जवळची.

त्याच खन्धकात बेलट्ठ कच्चान या व्यापाऱ्याची कथा आहे. गुळाच्या घागरींनी भरलेल्या पाचशे गाड्या घेऊन तो राजगृहाहून अन्धकविन्दाकडे निघाला होता. त्या प्रसंगानंतर आजारी भिक्खूला गूळ व निरोगी भिक्खूला गुळाचे पाणी घेण्याची अनुज्ञा मिळाली. कङ्खारेवत या भिक्खूची कथाही उद्‌बोधक आहे. गूळ बांधला जावा म्हणून त्यात पीठ व राख घालतात हे पाहून, असा गूळ विकाली चालेल काय, अशी शंका त्याला आली. ज्या कारणासाठी पीठ घातले जाते ते लक्षात घेऊन भगवंतांनी तो गूळ ग्राह्य ठरविला. पदार्थाचा निर्णय त्याच्या प्रयोजनावरून करावा, शंकेखोर शुचिर्भूतपणावरून नव्हे, ही विनयाची दृष्टी यात दिसते. दूध, दही, ताक, लोणी व तूप या पंचगोरसांची अनुज्ञाही याच खन्धकात आहे.

ही विद्या चीनला पोहोचली ती बौद्ध संपर्काच्या काळातच. थांग राजवंशाच्या नव्या इतिहासात नमूद आहे, की सम्राट ताइत्सुंगने साखर करण्याची रीत शिकून घेण्यासाठी मगधाला दूत पाठविले. हा काळ इ. स. ६४७ च्या सुमाराचा, म्हणजे ह्युएनत्संग मायदेशी परतल्यानंतर दोनच वर्षांचा. तुनहुआंग येथील हस्तलिखितांत साखर तयार करण्याच्या भारतीय पद्धतीचे एक टिपण सापडले असून त्यात 'शर्करा' हा शब्द चिनी लिपीत उतरविलेला आहे. चिनी पंडित जी श्यानलिन यांनी त्याचा अभ्यास करून साखरेचा विस्तृत इतिहास लिहिला.

चहा

चहाचा विहारांशी असलेला संबंध याहूनही निकट आहे. 'चहाचे शास्त्र' हा पहिला ग्रंथ आठव्या शतकात लिहिणारा लू यू हा विहारात वाढलेला अनाथ मुलगा होता. फंग यान या थांगकालीन लेखकाने लिहून ठेवले आहे, की खाइयुआन काळात (इ. स. ७१३ ते ७४१) ताइ पर्वताजवळच्या लिंगयान विहारात ध्यानमार्गी आचार्याने भिक्खूंना झोप आवरण्यासाठी चहा पिण्यास मोकळीक दिली, रात्रीचे भोजन तर नव्हतेच. लोकांनी त्याचे अनुकरण केले आणि चहा सर्वत्र पसरला. जपानमध्ये चहाचे गुण वर्णन करणारा ग्रंथ इ. स. १२११ मध्ये लिहिणारा एइसाइ हाही झेन भिक्खूच होता.

चहात दूध व साबुदाण्याचे मणी घालण्याची रीत मात्र अगदी अर्वाचीन. ती १९८० च्या दशकात तैवानमध्ये निघाली. ताइचुंग व ताइनान या दोन्ही नगरांतील चहागृहे तिच्या जनकत्वाचा दावा करतात. हे मणी कसाव्याच्या पिठाचे असतात. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. युरोपीय जहाजांतून तो आशियात आला. आपला उपवासाचा साबुदाणाही त्याच कंदाचा. ज्या वस्तूला आज परंपरेने पवित्र मानले जाते, ती परक्या खंडातून आलेली आहे!

तटाबाहेरची वस्ती

ताहो हा शब्द होक्किएन या दक्षिण चिनी बोलीतील आहे. फिलिपिन्समध्ये तो आणला फूचिएन प्रांतातून आलेल्या व्यापारी व कारागिरांनी. स्पॅनिश राज्यकर्ते त्यांना 'सांगले' म्हणत. १५८० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यासाठी मनिलाच्या तटाबाहेर, तोफेच्या माऱ्यात येईल अशा जागी, परियान नावाची वस्ती वसविण्यात आली. ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी १५९४ मध्ये पासिग नदीपलीकडे बिनोन्दो वसले. नगराला भाकरी, जोडे, कपडे, सुतारकाम हे सारे पुरविणारे लोक तटाबाहेर, आणि उपभोग घेणारे आत, अशी ही रचना होती. गावकुसाबाहेरची वस्ती ज्यांच्या स्मृतीत आहे त्यांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. भेद इतकाच, की येथील भिंत जातीची नव्हती. ती वंशाची, धर्माची व भयाची होती.

१६०३ मध्ये या वस्तीत बंड झाले व ते मोडताना पंधरा ते पंचवीस हजार चिनी मारले गेले. तत्कालीन स्पॅनिश अधिकारी आन्तोनियो दे मोर्गा याने १६०९ च्या आपल्या ग्रंथात प्रांजळपणे लिहिले आहे, की सांगले नाहीसे झाल्यावर नगरात वाटेल ती किंमत देऊनही खावयास अन्न व घालावयास जोडे मिळेनात. १६३९ मध्ये पुन्हा मोठी कत्तल झाली. तरीही हे लोक परतले. मनिलात काही काळ राहून चीनला गेलेला डोमिनिकन धर्मोपदेशक नावार्रेते याने १६७६ च्या ग्रंथात तोफूचे वर्णन केले असून चीनमध्ये सम्राटापासून सामान्यापर्यंत सर्व जण ते खातात, असे म्हटले आहे. जो पदार्थ चीनमध्ये सर्वांचा होता, तो मनिलात तटाबाहेरच्यांचा म्हणून आला आणि कालांतराने पुन्हा सर्वांचा झाला.

फिलिपिन्सचा भारतीय संस्कृतीशी संपर्क याहून प्राचीन आहे. लागुना येथील ताम्रपट शके ८२२, म्हणजे इ. स. ९०० चा असून त्यातील जुन्या मलय भाषेत संस्कृत शब्दांची रेलचेल आहे. तगालोगमध्ये गुरू 'गुरो' आहे, मुख 'मुखा' आहे, बुद्धी 'बुधी' होऊन तिचा अर्थ सदसद्‌विवेक असा झाला आहे; आणि 'दुखा' या शब्दाचा अर्थ आहे दरिद्री. दु:ख म्हणजे दारिद्र्य, असा अर्थ एका दूरच्या द्वीपसमूहातील सामान्य जनांनी रूढ करावा, ही बाब पालि शब्दांचा अभ्यास करणाराला अंतर्मुख करणारी आहे. ताहोत पडणारी साखर जेथून येते त्या नेग्रोस बेटावर हंगामी ऊसतोड कामगारांना 'साकादा' म्हणतात. १९८० च्या दशकाच्या मध्यास साखरेचे भाव कोसळले तेव्हा तेथे दुष्काळ पडला व मुले कुपोषणाने मेली. दरवर्षी बीडकडून कोयते घेऊन निघणाऱ्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना 'दुखा'चा हा अर्थ परका वाटू नये.

कृती

विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पुष्कळ पिकते, पण ते बहुधा तेलगिरणीत जाते. घरी ताहो करावयाचा झाल्यास दीडशे ते दोनशे ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून, सुमारे सव्वा लिटर पाण्यात बारीक वाटून, फडक्याने पिळून घ्यावे. हे दूध लवकर फेसाळते; तो फेस म्हणजे उकळी नव्हे. खरी उकळी आल्यावर मंद आचेवर ढवळत दहा मिनिटे शिजवावे. कच्चे सोयाबीन पचनास बाधक असते. एका लिटर दुधास खाद्यप्रतीचे जिप्सम एक लहान चमचा, थोड्या पाण्यात कालवून भांड्याच्या तळाशी ठेवावे. आचेवरून उतरून किंचित निवलेले दूध वरून एका धारेत ओतावे व झाकावे. वीस मिनिटे भांड्याला हात लावू नये. हलविले तर दही फाटते.

पाकासाठी दीडशे मिलिलिटर पाण्यात दोन मोठे चमचे चहापूड उकळून गाळावी, त्यात दोनशे ग्रॅम तांबूस साखर किंवा गूळ घालून काकवीइतका दाट होईपर्यंत आटवावे. निवल्यावर वाटीभर तापवून गार केलेले दूध मिसळावे. गरम पाकात, विशेषत: गुळाच्या, दूध नासण्याचा संभव असतो. चहा दह्यात न घालता पाकातच घालावा, म्हणजे दह्याचा पांढरा रंग व सौम्य चव टिकते. दह्याचे पातळ काप, त्यावर हा पाक आणि शिजविलेले मोठे साबुदाणे घालून ऊनच वाढावे.

अन्न आणि दाता

महापरिनिब्बानसुत्तात भगवंतांचे अखेरचे भोजन चुन्द नावाच्या लोहाराच्या घरी झाल्याचे सांगितले आहे. त्या भोजनानंतर भगवंतांना व्याधी जडली. चुन्दाला दोष लागू नये, त्याला पश्चात्ताप होऊ नये, म्हणून त्यांनी आनंदाला मुद्दाम सांगून ठेवले, की संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन्ही समान फलदायी आहेत. मृत्युशय्येवरही त्यांना काळजी होती ती एका कारागिराच्या प्रतिष्ठेची. अन्न देणाऱ्याचा जन्म विचारावयाचा नाही, त्याचा हेतू पाहावयाचा, हा त्या वचनाचा अर्थ आहे.

मगधातील फाणित, चिनी विहारातील तोफू, ध्यानशाळेतील चहा, अमेरिकेतील कंद आणि तटाबाहेरच्या माणसांचे श्रम एका पेल्यात एकत्र आले, ते कोणी शुद्धाशुद्धतेचा हिशेब मांडला म्हणून नव्हे; तो हिशेब बाजूला ठेवला म्हणून. आपल्या देशात मात्र कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हा प्रश्न शाळेच्या पोषण आहारापर्यंत येऊन पोहोचला आहे. दलित स्वयंपाकिणीने रांधलेले अन्न मुलांनी नाकारल्याच्या बातम्या एकविसाव्या शतकातही वाचाव्या लागतात. त्या मुलांना हे कोणी शिकविले, याचे उत्तर शोधल्यावाचून आपल्या अन्नाचा इतिहास पूर्ण होणार नाही.