फुगडीचा दम

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यावरून चांगलीच जुंपली. दोघी हट्टाला पेटल्या, बाकीच्या मान खाली घालून बसल्या. शेवटी एक म्हातारी मावशी उठली, त्यातल्या एकीचे हात धरले आणि म्हणाली, "चाल वं माय, आधी फुगडी खेळू, मंग भांड." हप्त्याचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, पण आवाज खाली आले. घरी जाताना माझ्या मनात फुगडीच घोळत होती.

आपल्या आजी-पणजीचं लग्न कितव्या वर्षी झालं, विचारून पहा. १९२९ साली शारदा कायदा झाला, त्यातही मुलीचं वय १४ च होतं. ज्या वयात अंगणात उड्या मारायच्या, त्या वयात डोक्यावर पदर आला. पाणी, जातं, शेण, निंदण. कामानं अंग थकायचं, पण जिवाची घालमेल कामानं जात नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्यासाठी सणांनी जागा करून दिली. आपल्या विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई. मातीचे भुलाबाई-भुलोजी, हातात टिपऱ्या, आणि गाण्यात सासू, नणंद, दीर सगळ्यांचा उद्धार! एरवी तोंडातून शब्द काढायची सोय नाही, पण देवीच्या गाण्याला सासू काय म्हणणार? काही घरांत श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर. रात्रभर जागरण, झिम्मा आणि फुगड्या. दंडफुगडी, बसफुगडी, एका हाताची फुगडी, नावं मोजावी तेवढी थोडी.

मात्र मंगळागौर सवाष्णीची. जिचा नवरा गेला, तिचे पाय कुठे थिरकणार? मला वाटतं, वारीचं मोठेपण इथं आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणजे आपलं अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर. तिथून तिची पालखी पायी पंढरपूरला जाते. वारीत फुगडीला कुंकू पाहिलं जात नाही. म्हातारी खेळते, विधवा खेळते, पुरुषही खेळतात. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी आणि पुढच्या शतकात देहूच्या तुकोबांनी फुगडीवर रचना केल्या. देवाची गोष्ट सांगायला एवढ्या मोठ्या संतांना बायकांचा खेळ घ्यावासा वाटला, हे शाळेच्या पुस्तकात मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता खेळ नीट पहा. पायाला पाय जुळवायचे, हातांची कैची करून एकमेकींना घट्ट धरायचं आणि मागे झुकायचं. आपला भार तिच्यावर, तिचा आपल्यावर. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात. भोवतालचं घर, झाड सगळं फिरतं, पण समोरचा चेहरा जागेवर राहतो. नजर तिथं ठेवली की चक्कर कमी येते. तोंडानं 'फू' करताना छातीत कोंडलेला श्वास जोरात बाहेर पडतो. त्या वेळी डोक्यात हप्ता नसतो, सासू नसते. (गुडघे दुखत असतील किंवा दिवस गेले असतील, त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, तेही खेळणंच आहे.)

हल्ली फुगडी स्पर्धेच्या मंचावर गेली. नऊवारी, क्रमांक, बक्षीस. छान दिसते, पण तिथं पाहणाऱ्यांसाठी खेळावं लागतं. त्या दिवशी बैठकीत पाहणारं कोणी नव्हतं. दोघी थांबल्या, भिंतीला टेकून बसल्या, आणि दम खाली बसेपर्यंत कोणीच काही बोललं नाही.