पुंजवाद आणि माया

किन्हीराजाचा हा मंडप असो की मुंबईचे सभागृह असो, पुंजवादावर बोलून खाली बसावे तोच एक प्रश्न हटकून येतो: “म्हणजे जग माया आहे, हे विज्ञानानेच सिद्ध केले ना?” विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे समाधान हिरावून घेणे आम्हांस आवडत नाही. परंतु घडलेला इतिहास तसा नाही.

१९२७ साली हायझेनबर्गने दाखविले की, कणाचे स्थान व संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक सांगता येत नाहीत. नील्स बोरचे म्हणणे असे पडले की, कोणत्या उपकरणाने पाहिले हे वगळून कणाचे गुणधर्म सांगण्यात अर्थच नाही. येथे ‘पाहणे’ म्हणजे उपकरणाशी घडलेली क्रिया. पाहणाऱ्याचे मन बोरने त्यात आणले नव्हते.

आइन्स्टाइनला हे पटेना. १९३५ साली पोडोल्स्की व रोझेन यांच्यासह त्याने जो आक्षेप घेतला, तो आपल्याकडच्या दाखल्याने असा सांगता येईल. वहाणांचा जोड फोडून एक वहाण वाशीमला व दुसरी मुंबईला बंद पेटीतून धाडली. वाशीमच्या पेटीत डावी निघाली की मुंबईची उजवी, हे तत्क्षणी कळते. यात गूढ काय? पेट्या भरतानाच ते ठरले होते. कणांच्या जोडीचेही तसेच असणार, आणि पुंजवादाला ते सांगता येत नसेल तर तो अपुरा आहे!

पुढे बरीच वर्षे हा वाद आवडीनिवडीचा समजला गेला. जानेवारी १९६० मध्ये बोर मुंबईस आले तेव्हाही तो तसाच लोंबकळत होता. आइन्स्टाइन १९५५ साली गेले, बोर १९६२ साली. मग १९६४ साली जॉन बेलने नवीच गोष्ट पुढे आणली. सारे आधीच ठरलेले असेल आणि एका टोकाचे मोजमाप दुसऱ्या टोकास पोचत नसेल, तर निरनिराळ्या दिशांनी तपासलेल्या जोड्यांच्या जुळणीला एक गणिती मर्यादा पडते. पुंजवादाप्रमाणे ती ओलांडली जावयास हवी. तत्त्वज्ञांचे भांडण असे प्रयोगशाळेच्या मेजावर आले. १९७२ साली फ्रीडमन व क्लाउझर यांना, १९८२ साली आस्पे यांना मर्यादा ओलांडलेलीच आढळली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंह यांनीही बेलच्या विषमतांवर काम केले. २०२२ सालचे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउझर व त्सायलिंगर यांना याच कामासाठी मिळाले.

वहाणांचा दाखला कणांना लागू पडत नाही, एवढे यावरून ठरले. जग नाही, असे कोठे ठरले? आणि मायेविषयी आपल्या घरात तरी एकमत कोठे आहे? ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण अज्ञानखंडनासाठी खर्ची घातले आणि जगाला चैतन्याचा विलास मानले. मग पुंजवादाने साक्ष द्यावयाची ती कोणाच्या बाजूने?

खरा पेच निराळाच आहे. कणांचे डावे-उजवे आधी ठरलेलेच नसते म्हणावे, की वाशीमचे काही मुंबईस पोचते म्हणावे? डेव्हिड बोमने १९५२ सालीच दुसरी वाट धरली होती. पदार्थवैज्ञानिकांत यावर आजही एकमत नाही.